खापरातला केक

अजराचं लग्न झालं ते साल पंचावन्न. लग्न हिवाळ्यात झालं, आणि लग्नासाठी बोटीवरून आलेला तिचा बाप रशीद पुन्हा बोटीवर चढलाच नाही. तसा तो मुंबईपर्यंत जाऊन आला होता. पण कंपनीच्या डॉक्टरने त्याच्या छातीला नळी लावली, मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला. रत्नागिरीत भंडारी म्हटलं की लोकांना माडावर चढणारे आठवतात, पण बोटीवर भंडारी म्हणजे रांधणाऱ्यांचा मुख्य. सत्तावीस वर्षं भंडारीपणा करून रशीद एक लोखंडी पेटी घेऊन राजिवड्याला घरी आला, तेव्हा त्याची बायको खुर्शीद मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "जेवलात?"

एवढ्या वर्षांत तो घरी यायचा तो पाहुण्यासारखा. दीड-दोन वर्षांनी कधीतरी दोन महिने. सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक मांडल्या असत्या तर तीन वर्षांचा संसार भरला असता की नाही, कोण जाणे. पोर वाढवणं, घर शाकारणं, आंब्याची दोन कलमं जगवणं, सासूचं आजारपण, सगळं खुर्शीदने एकटीने केलं. त्याची तिला सवय झाली होती. आता नवरा घरात कायमचा आला तर त्याला ठेवायचं कुठं, हेच तिला कळेना.

त्यालाही कळत नव्हतं. पहाटे चारला त्याला जाग यायची, कारण बोटीवर चारला भट्टी पेटायची. उठून तो अंधारात बसून राहायचा. मग उजाडल्यावर विहिरीच्या दोराला नवी गाठ मार, खिडक्यांना रंग दे, कंदिलाची काच पूस. जेटीवर जाऊन बसला तर तिथे बांगड्यांच्या आणि जाळ्यांच्या गोष्टी. त्यात त्याला काय बोलायचं? चुलीपाशी येऊन दारात उभा राहिला तर तिथे बसलेल्या बायका एकदम गप्प व्हायच्या. रझिया आपा, त्याची थोरली विधवा बहीण, शेजारीच राहायची. ती एकदा म्हणाली, "रशीद, तू आत तरी ये, नायतर भाईर तरी जा. तुझ्यामुळे आमच्या पोटात बोलणं नासतंय."

तो हसला आणि बाहेर गेला.

रमजान लागला, आणि एक दिवस रोजा सोडताना त्याने सांगून टाकलं. ईद झाली की पावसाआधीची शेवटची बोट धरून मुंबईला जाईन म्हणतो. डोंगरीला गाववाल्यांची खोली आहे, तिथे पंचवीस-तीस माणसं राहतात, त्यांना रांधणारा पाहिजेच असतो. इथे माझं काय काम?

खुर्शीद म्हणाली, "बरं."

एवढंच म्हणाली. दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या घरात एक रीत असते. जाणाऱ्याला थांबवायचं नाही, मागून हाक मारायची नाही, 'जाऊ नका' हे शब्द उंबऱ्याच्या आत काढायचे नाहीत. तिच्या आईने काढले नव्हते, सासूने काढले नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा तो निघाला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि तेव्हाही तिने 'बरं' एवढंच म्हटलं होतं. आता तो दर्यावर जात नव्हता, नुसता मुंबईला जात होता, पण सत्तावीस वर्षं न वापरलेले शब्द ऐन वेळी तोंडात येत नाहीत. त्याने राहावं एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच तिला सांगता येत नव्हतं.

त्यात ईदच्या थाळाची गडबड. मुलीच्या लग्नानंतरची पहिली ईद आली की माहेरून सासरी थाळ जातो, आणि त्यातलं मुख्य पक्वान्न मुलीच्या आईने स्वतःच्या हाताने केलेलं असावं लागतं. अजराचं सासर खाडीपलीकडे भाट्याला. थाळात काय जाणार, हे साऱ्या राजिवड्याला ठाऊक होतं. खुर्शीदचा आंब्याचा केक.

तो केक ती अशी करायची. आदल्या रात्री जाडसर रवा नारळाच्या दाट रसात भिजत घालायचा. पूर्वी त्यात पेलाभर ताजी माडी घालत, म्हणजे सकाळी रवा टम्म फुगून वर यायचा. पण दारूबंदी आल्यापासून माडी मिळेनाशी झाली आणि सगळा भार अंड्यांवर आला. अंडी आणि साखर पातेल्यात घेऊन रवीने घुसळायची, दंड भरून आला तरी थांबायचं नाही; फेस पांढरा झाला, रवी उचलल्यावर त्याची धार जाड पडायला लागली की पुरे. मग त्यात भिजलेला रवा, आटवलेला हापूसचा रस, पातळ केलेलं तूप, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ. हे सगळं हलक्या हाताने कालवायचं, नाहीतर फेस मरतो. मग खापरात ओतायचं आणि वर पत्र्याचं झाकण ठेवून खाली-वर निखारे घालायचे. खाली सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालींचे मंद, वर करवंट्यांचे कडक. खालची आच वाढली की केक बुडाला करपतो आणि आत कच्चा राहतो. वास सुटला की माडाच्या झावळीचा हीर मधोमध खुपसून बघायचा; तो कोरडा निघाला की झालं.

ते खापर अजरा पाळण्यात असताना घेतलेलं होतं, रावजी कुंभाराकडून. वीस वर्षांचं तूप आणि नारळाचा रस पिऊन ते आतून पिकल्या जांभळासारखं काळं आणि तुकतुकीत झालं होतं. त्यात काही चिकटत नसे. ते धुवायची पद्धत म्हणजे कढत पाणी आणि काथ्याची घासणी, बस. मातीचं भांडं सगळं शोषून घेतं, हे तिथल्या पोरीबाळींनाही माहीत असतं.

रशीदला माहीत नव्हतं. त्याचा जन्म लोखंडाच्या आणि तांब्याच्या भांड्यांत गेलेला. दर रविवारी कप्तान पांढरे हातमोजे घालून त्याच्या भटारखान्यात यायचा, बोट भांड्यावरून फिरवायचा आणि बोटाकडे बघायचा. बोटाला काळं लागलं की भंडाऱ्याची अब्रू गेली. ईदच्या दोन दिवस आधी खुर्शीद अंडी आणि साखर आणायला बाजारात गेली. रोजा होता, दुपार लांब होती, हातांना काम नव्हतं. चुलीजवळच्या फळीवर ते काळं खापर त्याला दिसलं. लेकीच्या सासरी जाणारा पदार्थ ह्या भांड्यात करायचा? त्याने पेटीतून आपला पिवळा साबण काढला, कढत पाण्यात किसून घातला, खापर त्यात बुडवून ठेवलं, मग वाळूने घासघास घासलं, आणि काळं जाईना म्हणून पुन्हा बुडवून ठेवलं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ होईपर्यंत खापर नवं काढल्यासारखं लाल झालं. त्याने ते उन्हात वाळवलं आणि चुलीवर पालथं घालून ठेवलं. आल्या दिवसापासून तो इतका खूश झाला नव्हता.

खुर्शीद आली, तिने ते बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायलाच विसरली.

"लख्ख केलं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "लाल झालं."

वाळूने किंवा राखेने घासलं असेल, असं तिला वाटलं. वीस वर्षांचं काळं गेलं म्हणजे आता केक चिकटणार. पण चार-पाच दिवसांनी जाणाऱ्या माणसाला काय बोलायचं? तिने ठरवलं, तूप जास्त लावू, तळाला केळीचं पान घालू. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

ईदच्या आदल्या दिवशी दोन केक झाले. पहिला थाळासाठी, दुसरा घरासाठी. रशीद दारात उभा राहून बघत होता. झाकणावर निखारे बघून तो म्हणाला, बोटीवर कशी भट्टीला दारं असतात, आत किती गरम आहे ते काचेतून दिसतं. रझिया आपा वेलची कुटत होती. ती म्हणाली, "भंडारी, चुलीला दार नसतं. दार फक्त नवऱ्याला असतं, येण्या-जाण्याला."

खुर्शीदने मान वर केली नाही. ती निखारे सारखे करत राहिली.

केक चिकटले नाहीत. वरून सोनेरी झाले, आणि तूप, आंबा, वेलची यांच्या वासाने घर भरलं. रोजा असल्यामुळे कुणी चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. एरवीही थाळाचा केक कोणी चाखत नाही, तो अखंड जावा लागतो.

ईदच्या सकाळी रझिया आपाचा मुलगा नासिर, जो भाट्याच्या तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीवर, कामाला होता, तो थाळ घेऊन खाडीपलीकडे गेला. तासाभराने रशीद नमाज पढून आला. नवा सदरा, डोळ्यांत सुरमा. खुर्शीदने घरचा केक कापला आणि पहिला तुकडा त्याला दिला. त्याने घास घेतला. चावला. मग चावायचा थांबला.

सत्तावीस वर्षं ज्या वासात हात बुडवले, तो वास त्याच्या तोंडात होता.

"साबण," तो म्हणाला.

खुर्शीदने तुकडा तोंडात टाकला. आधी आंबा लागला, मग वेलची, आणि मग मागून हळूहळू सगळं तोंड साबणाने भरलं. रझिया आपाने घास घेतला आणि म्हणाली, "अगो बाय, हा केक केलास की कपडे धुतलेस?" पण भावाचं तोंड बघून तिने उरलेला तुकडा खाली ठेवला.

रशीदने सगळं सांगितलं. खापर साबणात दोनदा बुडवून ठेवलं होतं, हेही सांगितलं. आणि तो उठून खाडीवर गेला. थाळ तर कधीच पलीकडे पोचला होता.

त्या दिवशी राजिवड्यात लोक एकमेकांच्या घरी शीरखुर्मा प्यायला जात होते. खुर्शीदच्या घरी आलेल्यांना शेवया मिळाल्या, केक मिळाला नाही, आणि का नाही ते कोणी विचारलं नाही. रशीद संध्याकाळी आला. त्याने पेटी ओढली आणि कपडे भरायला घेतले. तो रागावलेला नव्हता. तो म्हणाला, "लेकीची पहिली ईद होती, खुर्शीद. तिला तिथे आयुष्य काढायचंय." एवढंच. जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी अजरा आणि जावई फारुक सलामाला आले. थाळ परत आला तो साखरेने आणि बांगड्यांनी भरलेला. रिकामं भांडं कोणी परत करत नाही. फारुक रशीदबरोबर ओटीवर बसला. अजरा आत आली, आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि खुर्शीदला वाटलं पोरगी रडते आहे. पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

तिने सांगितलं ते असं. केक कापला, सगळ्यांना वाटला, आणि पहिल्या घासाला सगळे गप्प झाले. कोणी कोणाकडे बघेना. तेवढ्यात सासऱ्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, हा बोटीवरचा केक दिसतो, व्याही साहेबलोकांना करून घालायचे तो. मग आजेसासू म्हणाल्या, तरीच विलायती वास येतोय. मग सगळ्यांनी खाल्ला. धाकट्या दिराने तर दोनदा घेतला. आणि सासूबाईंनी विचारून ये म्हणून सांगितलंय की ह्यात घालतात काय.

"तू खाल्लास?" खुर्शीदने विचारलं.

"दोन तुकडे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते."

पडवीत रझिया आपा तोंडात पदर कोंबून बसली होती. मुलीचं काही बिघडलं नव्हतं. उलट व्याह्यांकडे मान वाढला होता. खुर्शीदला वाटलं, हे ऐकून तो हसेल आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाईल. ओटीवरून त्याला सगळं ऐकू गेलं होतं. पण तो हसला नाही. फारुक-अजरा तरीवर गेल्यावर तो म्हणाला, "भली माणसं आहेत. माझी चूक त्यांनी गिळली." आणि पेटीला बांधायला दोर शोधू लागला. बोट दुसऱ्या दिवशी होती.

रात्री तो निजला, ती निजली नाही असं काही नाही, दोघंही निजली. दिवसभराचं काम झालेलं माणूस निजतं. पण सकाळी चुलीपुढे बसल्यावर तिच्या लक्षात आलं की थांबवायचे शब्द आपल्याला येत नसले तरी दुसरे शब्द येतात. घर चालवताना सत्तावीस वर्षं तेच वापरले होते. गड्यांना, गवंड्यांना, नारळ पाडणाऱ्यांना.

तिने हाक मारली, "जरा इथे या."

तो पेटीची गाठ मारत होता, तसाच उठून आला आणि दारात उभा राहिला.

"दारात नाय. आत या. बसा."

तो बसला. त्या घरात चुलीपुढच्या पाटावर तो पहिल्यांदाच बसत होता. तिने खापर त्याच्यापुढे ठेवलं.

"बोटीवर तुमच्या हाताखाली किती माणसं होती?"

"सात-आठ. मोठ्या बोटीवर दहा."

"त्यातल्या एखाद्याने भांडं बिघडवलं तर काय करायचात? त्याला पुढच्या बंदराला उतरवायचात?"

"नाय," तो म्हणाला. "उतरवून कसं चालेल? ज्याने बिघडवलं त्यालाच नीट करायला लावायचो."

"मग?"

त्याने खापर उचललं आणि आतून बोट फिरवून बघितलं.

"ह्या चुलीवर भंडारी मी," खुर्शीद म्हणाली. "माझ्या हाताखाली एक माणूस नाय, आणि हे भांडं बिघडलंय. रोज भाताची पेज कढत असताना ह्यात ओतायची, रात्रभर ठेवायची, सकाळी फेकायची. मग उन्हात ठेवायचं, मग खोबरेल चोळून निखाऱ्यावर शेकायचं. साबण एकदम सुटत नाय. थोडा थोडा सुटतो."

"किती दिवस?"

"पाऊस आला की ऊन मिळणार नाय. म्हणजे पाऊस जाईस्तोवर."

रशीद काही तसा भोळा नव्हता. त्याने विचारलं, "रावजी कुंभाराकडे नवं मिळत नाय?"

"मिळतं."

"मग?"

"मला हेच पाहिजे," ती म्हणाली, आणि चुलीत फुंकर घालायला वळली.

मग तिने ऐकलं, तो पाट मागे सारून उठला. ती वळली नाही. तो ओटीवर गेला. आता पेटी उचलल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन बसली. आवाज आला तो विहिरीच्या रहाटाचा. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची कळशी होती आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या होत्या.

"पेज किती दाट पाहिजे?" त्याने विचारलं.

दुपारी बंदरावर बोट लागली, पडावाच्या होड्या माणसं घेऊन बोटीपर्यंत गेल्या, बोटीने शिट्टी दिली. रझिया आपा लगबगीने बघायला आली, तर भाऊ चुलीपुढे बसून खापर शेकत होता आणि भावजय त्याला सांगत होती की तसं नाही, कडेने फिरवा. रझिया आपा म्हणाली, "जळ्ळं मेलं, आता आम्ही बायकांनी बोलायचं कुठं?" आणि ती तिथेच बसून बोलू लागली.

त्या पावसाळ्यात, खापर बरं होईपर्यंत पातेल्यात केक करून, रशीद निखारे शिकला. सोडणाची आच कशी, करवंटीची कशी, राख किती टाकली म्हणजे आच निम्मी होते, हे सगळं. त्याला शंभर माणसांचे केक येत होते, सहा माणसांचा येत नव्हता. शंभराचं माप चार वेळा अर्धं करत गेलं की मीठ आणि सोडा कुठल्या कुठे जातात. मग त्याला एक जुनं माप आठवलं आणि ते त्याने खुर्शीदला शिकवलं. तराजूच्या एका पारड्यात अंडी ठेवायची. दुसऱ्या पारड्यात त्यांच्या भाराइतका मैदा, मग तेवढीच साखर, मग तेवढंच तूप. अंडी तीन असोत की तीस, केक चुकत नाही. त्यात शहाजिरं घातलं की इंजिनवाल्या साहेबांचा चहाबरोबरचा केक. खुर्शीदला तोच सगळ्यांत आवडला, तिच्या स्वतःच्या आंब्याच्या केकपेक्षाही. रशीदला आंब्याचाच आवडायचा. श्रावणात पावसाळी काकडी, म्हणजे तवसं, आलं की तवसाचा केक व्हायचा, किसलेलं तवसं, गूळ आणि रवा घालून. तो रझिया आपाचा. ती म्हणायची, मला सगळेच आवडतात, फक्त दुसऱ्याने केलेले पाहिजेत.

काळा केक त्याने पुढच्या हिवाळ्यात केला. साहेबांच्या नाताळचा केक तो. साखर जाळून काळी करायची, त्यात मनुका, खजूर, मोरावळा, सुकी संत्र्याची साल. बोटीवर त्यात रम पडायची, म्हणून सत्तावीस वर्षांत त्याने तो एकदाही तोंडात घातला नव्हता. नुसत्या वासावर करायचा, आणि साहेब वाहवा करायचे. घरी त्याने मनुका रमऐवजी काकवीत भिजवल्या, साबण सुटलेल्या त्याच खापरात केक केला, आणि दोन दिवस फडक्यात बांधून ठेवून मग कापला. खुर्शीद त्याच्याकडे बघत होती. त्याने तुकडा खाल्ला, मग आणखी एक खाल्ला.

"कसा?" तिने विचारलं.

"जास्त गोड," तो म्हणाला. "एवढी वर्षं जास्तच गोड करत होतो. कुणी बोललं नाय."

पहाटे चारला तो उठायचा ते शेवटपर्यंत. पण आता चूल पेटवायचा, चहा ठेवायचा आणि खुर्शीदला उठवायचा. मुंबईचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. अजराला छप्पन साली मुलगी झाली आणि अठ्ठावन्न साली मुलगा. दोघांची बाळंतपणं राजिवड्याला झाली, आणि बाळंतिणीला पाचव्या दिवशी रव्याचा केक दुधात कुस्करून द्यायचं काम आजोबांकडे होतं.

रशीद एकोणसाठ सालच्या फेब्रुवारीत वारला. शाबानचा, रमजानच्या आधीचा महिना होता. पहाटे उठला, छातीत दुखतं म्हणाला आणि उजाडायच्या आत गेला. खुर्शीद त्याच्याजवळ होती. दुपारच्या नमाजानंतर त्याला राजिवड्याच्या कबरस्तानात दफन केलं.